अर्धं बिऱ्हाड

शाळा उघडायच्या आधीच्या आठवड्यात वाशिमच्या रिसोड नाक्यावर किंवा पुसद नाक्यावर थोडा वेळ उभं राहा. बिऱ्हाड लादलेला एखादा तरी ‘छोटा हत्ती’ शहरात शिरताना दिसेलच. टाटांनी २००५ साली आणलेल्या या गाडीचं कंपनीनं ठेवलेलं नाव इकडे फारसं कुणी घेत नाही. गाडी पुढे जाण्याआधी वर काय लादलंय ते पाहून घ्या. कूलर, टेबलफॅन, एकच लोखंडी पलंग, सुतळीनं आवळलेल्या गाद्या, गव्हाची दोन पोती, डाळीचा पत्र्याचा डबा, दोन बर्नरची शेगडी, निळा प्लास्टिकचा ड्रम आणि ड्रमात पोरांची पुस्तकं. आता काय नाही तेही पाहा. पितळी गुंड नाही, जातं नाही, देव नाहीत, कपाट नाही आणि म्हातारं माणूस नाही. मागून मोटरसायकलवर घरधनी येतो. पलंग जोडतो, पंखा लावून देतो, घरमालकाला भेटतो आणि दिवेलागणीच्या आत गावाकडे परत फिरतो. गोठ्यात जनावरं असतात आणि पेरणी तोंडावर आलेली असते.

नव्या घरी जायचं म्हणजे जुनं घर आवरायचं, असा आपला समज. पेट्या भरा, रद्दी विका, शेजाऱ्यांचा निरोप घ्या, कुलूप लावा. वाशिम जिल्ह्यात मात्र मागचं घर बंदच होत नाही. तिथली चूल पेटती राहते, सपरीत बाज पडलेली असते, दारात कोंबड्या फिरत असतात. हलतं ते अर्धं घर. त्यामुळे सामान बांधण्यापेक्षा वाटण्याचं काम मोठं होऊन बसतं, आणि ही वाटणी भावाभावांत नाही तर नवरा-बायकोत करायची असते, तीही न भांडता.

जिल्हा तसा अलीकडचा. १ जुलै १९९८ला तो अकोल्यातून वेगळा झाला. इंग्रजी अमलात ‘बासिम’ नावाचा जिल्हा होताच, १९०५ साली तो मोडून अकोल्यात घातला गेला. त्र्याण्णव वर्षांनी पाटी परत आली. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहा तालुके. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या ११,९७,१६० आणि त्यातले पाचांतले चार खेड्यांत. नीती आयोगानं २०१८ साली महाराष्ट्रातले जे चार जिल्हे ‘आकांक्षित’ ठरवले, त्यांत नंदुरबार, गडचिरोली आणि उस्मानाबादच्या पंगतीला वाशिम बसला. शेती बहुतेक पावसावरची. खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीत जमलं तर हरभरा. कारखानदारी नावापुरती. शिकायचं तर वाशिम किंवा अकोला, कमवायचं तर पुणे, असा इथला सरळ हिशेब आहे. पण सातबारा गावात असतो आणि तो काही छोट्या हत्तीत घालून नेता येत नाही.

जून हा महिनाही मोठा अवघड. बियाणं, खत, नांगरटीचे पैसे, शाळेची फी आणि भाड्याच्या खोलीची अनामत, सगळं एकदम दारात येऊन उभं राहतं. सोयाबीन निघतं दसरा-दिवाळीला, आणि पैसा हाती येतो तो तेव्हाच. २०२४-२५साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झाला होता, आणि त्या हंगामात बाजार समित्यांतले सौदे त्याच्याही खाली होत होते. त्यामुळे पोराला शहरात शिकवायचं हे एका रात्रीत ठरत नाही. आदल्या दिवाळीतच, माल विकताना, ‘एवढे पोराच्या खोलीचे’ म्हणून बाजूला काढावे लागतात. बहुतेक वेळा ते लग्नात नाहीतर दवाखान्यात खर्च होतात आणि बेत एक वर्ष पुढे जातो.

ज्या घरात तो पुढे जात नाही, तिथली खरी तयारी चैत्रात सुरू होते. करणारी अर्थात बाई. वऱ्हाडात उन्हाळ्याच्या कामांचा पसारा मोठा: कुरड्या, पापड, शेवया, सरगुंडे, मुगवड्या. एरवी एका घरापुरतं घालायचं ते यंदा दोन घरांचं घालायचं. गहू निवडून, ऊन दाखवून, एरंडेल चोळून ठेवायचा. ज्वारीत कडुनिंबाचा पाला घालायचा. तुरीला तेल-पाणी लावून, वाळवून, भरडून डाळ करायची. आता जात्यावर कुणी भरडत नाही, मिलमध्येच नेतात, पण वाळवण अंगणातच पडतं. तिखट कुटून आणायचं. शहरात किलोनं विकत घेतलेली डाळ म्हणजे कुणब्याच्या घरची नाचक्की, ही समजूत अजून पक्की आहे. त्यात अभिमानाइतकाच हिशेबही आहे. धान्य-डाळ-तिखट घरचं असलं की शहरातल्या बिऱ्हाडाला रोख लागते ती भाडं, तेल, दूध, भाजी आणि गॅसपुरतीच.

मग भांडी. स्वयंपाकघराच्या एका भिंतीला फळी, तिच्यावर रांगेनं डबे. दुसऱ्या कोपऱ्यात मडक्यांची उतरंड असायची, आता स्टीलच्या डब्यांची असते. या फळीपुढे सासू आणि सून बसतात तेव्हा काय काय ठरतं ते बाहेर बसलेल्या पुरुषांना कळतही नाही. तवे दोन. जाड लोखंडी तवा चुलीवरचा, तो राहतो. पोळीचा पातळ तवा जातो. भाकरी थापायची लाकडी काठवट घरात एकच असते, वापरून वापरून मध्ये गुळगुळीत झालेली. ती सासूची. सून शहरात स्टीलच्या परातीत पीठ मळते, आणि भाकर गॅसवर नीट फुगत नाही म्हणून महिन्याभरात पोळीवर येते. पोरं तेवढ्यात भाकर विसरायला लागतात. कुकर नवा घ्यावा लागतो, कारण जुना गावात बुढ्याच्या वरणाला लागतो. मिक्सर जातो, पाटा-वरवंटा राहतो. लग्नात आलेली, नाव घातलेली भांडी मात्र सून हट्टानं सोबत नेते. ती तिची असतात. त्यावर तिच्या माहेरच्यांची नावं कोरलेली असतात, आणि भाड्याच्या खोलीत चार लोक आले तर ताटं मांडताना ती दिसावीत असं तिला वाटतं. मला यात काही वावगं दिसत नाही. अर्धं घर घेऊन निघालेल्या बाईला निदान ताट तरी पुरं हवं.

खोली पाहायला गेलं की वाशिममध्ये विचारायचा पहिला प्रश्न भाड्याचा नसतो. नळ किती दिवसांनी येतो, हा असतो. शहराची भिस्त एकबुर्जी धरणावर, आणि पावसानं हात आखडता घेतला की दोन पाळ्यांमधले दिवस वाढत जातात. म्हणून तो निळा ड्रम. नवखं कुटुंब एक ड्रम घेऊन येतं, पहिल्याच महिन्यात दुसरा घेतं. दुसरा प्रश्न संडासाचा: सामाईक की वेगळा. तिसरा वर गच्चीत वाळवण घालू देता का. काही घरमालक नाही म्हणतात आणि तिथे बाईचं मन खोलीवरून उडतं, मग भाडं दोनशे रुपये कमी असलं तरी.

लेखी करार इथे सहसा होत नाही. तोंडी ठरतं, एक महिन्याचं आगाऊ देतात, झालं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी करून त्याची नोंदणी करणं सक्तीचं आहे, आणि ती जबाबदारी घरमालकावर टाकलेली आहे. पण घरमालकाला कागद नको असतो आणि भाडेकरूला भांडण नको असतं. याचा फटका पुढे बसतो. कराराचा कागद नाही म्हणून नव्या पत्त्याचा पुरावा नाही, पुरावा नाही म्हणून आधारवर पत्ता जुनाच, आणि आधार जुनं म्हणून बाकी सगळं जुनं. सरकारदरबारी हे कुटुंब गावातच राहतं.

पुष्कळ जणांना तेच हवं असतं, हेही खरं. मतदार यादीतलं नाव हलवायला नमुना ८ भरावा लागतो. तो भरायची घाई कुणी करत नाही. ग्रामपंचायतीची निवडणूक एकेका मतावर लागते, आणि चार मतांचं घर गावातून नाव काढून शहरात गेलं तर भावकीत त्याचा पाणउतारा होतो. मतदानाच्या दिवशी दोन्हीकडून गाड्या सुटतात. शहरातल्या वॉर्डात त्या कुटुंबाची दखल नगरसेवक का घेत नाही, याचं उत्तरही त्यातच आहे.

रेशनचं मात्र गेल्या काही वर्षांत बरं झालं. ऑगस्ट २०१९मध्ये देशात राज्याबाहेर रेशन उचलण्याचा प्रयोग सुरू झाला तेव्हा पहिल्या दोन जोड्यांपैकी एक महाराष्ट्र-गुजरातची होती. आज ‘एक देश एक रेशनकार्ड’मध्ये कार्ड न हलवता धान्य हलवता येतं. कार्डावरच्या काही जणांचं धान्य गावात, काहींचं शहरात, असंही उचलता येतं. अर्ध्या बिऱ्हाडासाठी इतकी नेमकी सोय दुसऱ्या कुठल्या योजनेनं केलेली मला तरी माहीत नाही. अडचण अंगठ्याची. घरच्यांनी सगळ्यांचं धान्य गावात उचलून टाकलं की शहरातल्या यंत्रावर शिल्लक शून्य दिसते, म्हणून निघण्याआधी कोण कुठे अंगठा लावणार ते ठरवून घ्यावं लागतं. केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत वाशिम आहे. तिथल्या या कुटुंबांना २०१५पासून सवलतीचं धान्य मिळत होतं, २०२३मध्ये त्याऐवजी माणशी महिना १५० रुपये रोख देण्याचा निर्णय झाला. रोख खात्यात येते, खातं कुटुंबप्रमुख बाईचं, आणि पुष्कळ घरांत ती बाई म्हणजे गावात राहिलेली सासू. पासबुक तिच्या ट्रंकेत.

शाळेचा दाखला सगळ्यात सोपा असायला हवा. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ स्पष्ट आहे: आठवीपर्यंतच्या मुलाला दुसऱ्या शाळेत जायचा हक्क आहे, मुख्याध्यापकानं दाखला तात्काळ द्यायचा, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नव्या शाळेनं प्रवेश अडवायचा नाही. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत पट घसरत चाललेला असतो. दोन पोरं गेली तर एक शिक्षक जाईल, अशी स्थिती. गुरुजी दाखला देतात, पण आधी चहा पाजून बापाची समजूत घालतात. त्या गुरुजींची स्वतःची पोरं वाशिमला शिकत असतात, ही गोष्ट तिथे बसलेल्या दोघांनाही माहीत असते आणि दोघंही ती काढत नाहीत.

गॅसचं सांगायचं तर पुष्कळ घरं जोडणी गावातच ठेवतात आणि शहरासाठी पाच किलोचं छोटं सिलिंडर घेतात. इंडेननं २०२०च्या डिसेंबरात त्याला ‘छोटू’ नाव दिलं. पत्त्याचा पुरावा लागत नाही, ओळखपत्रावर मिळतं. किलोमागे महाग पडतं, हे आईला दुसऱ्या महिन्यात कळतं.

हे झालं शिकायला निघालेल्या घरांचं. दुसरी एक हलवाहलव गावातल्या गावात, किंबहुना अंगणातल्या अंगणात होते. घरकुलाची.

पंतप्रधान आवास योजनेत (ग्रामीण) सपाट भागात घरामागे १ लाख २० हजार रुपये मिळतात, हप्त्याहप्त्यानं. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे. घर कमीत कमी २५ चौरस मीटरचं, म्हणजे २७० चौरस फुटांच्या आतबाहेर. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई आवास, आदिवासींसाठी शबरी, इतर मागासांसाठी २०२३पासून मोदी आवास. कागदावर सगळं ठीक. कागदावर न आलेला प्रश्न असा की गावठाणात जागा एवढीशीच; नवं बांधायचं तर जुनं पाडावं लागतं. मग बांधकाम होईपर्यंत माणसांनी राहायचं कुठं?

म्हणून घरकुलवाल्या कुटुंबाला दोनदा बिऱ्हाड हलवावं लागतं. आधी घरातून टपरीत, मग टपरीतून घरात. अंगणात चार बल्ल्या रोवून, तीन बाजूंनी टिनपत्रे आणि एका बाजूनं जुनी लुगडी लावून निवारा उभा होतो. त्यात सहा माणसं, शेळी आणि धान्य. मंजुरी माघात मिळाली तर बरं. पावसाळ्याच्या तोंडावर मिळाली तर पुढचा हप्ता येईस्तोवर सगळा आषाढ-श्रावण त्या पत्र्याखाली. रेतीचं दुखणं जुनंच. राज्यानं २०२५च्या वाळू धोरणात घरकुलांना पाच ब्रास रेती फुकट देऊ केली, पण वाहतूक ज्याची त्यालाच.

पाडताना जे होतं ते पाहण्यासारखं असतं. जुनं घर धाब्याचं. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर सागवानी कड्या, कड्यांवर दाटीनं बसवलेल्या काटक्या-फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. दर मृगाच्या आधी तो थर नव्यानं चोपायचा, नाहीतर घर गळायचं. पाडायला सुरुवात वरून होते. आधी माती खाली येते, गाव धुळीनं भरतं. मग कड्या एकेक करून उतरवतात, भिंतीला टेकवून उभ्या करतात, आणि म्हातारा त्यांच्यावरून हात फिरवत कोणती घुणली आहे, कोणती अजून दोन पिढ्या टिकेल ते सांगत बसतो. चौकट सगळ्यात शेवटी काढतात. धाब्याच्या घराची चौकट ठेंगणी, वाकून आत जायची. सिमेंटच्या घराला ती बसत नाही. इंजिनियरचा दरवाजा सात फुटांचा. तरी ती विकत नाहीत. कुणी गोठ्याला लावतात, कुणी न्हाणीला. सागवान घ्यायला शहरातून लोक येतात, बंगल्यांच्या झोपाळ्यांसाठी आणि हॉटेलांच्या सजावटीसाठी, आणि बऱ्यापैकी पैसे देतात. त्या पैशात खिडक्या होतात.

नव्या स्लॅबच्या घराचं कौतुक ओसरायला एक वैशाख पुरतो. वऱ्हाडातलं ऊन स्लॅब दिवसभर पितं आणि रात्रभर ओकतं. धाब्याच्या घरात मे महिन्यातही दुपारी झोप लागायची. म्हणून घरकुलात माणसं राहतात नऊ महिने, आणि उन्हाळ्यात बाजा पुन्हा त्याच टपरीखाली येतात, जी पाडायची म्हणून उभी केली होती आणि कुणी पाडली नाही.

या सगळ्याच्या शेजारीच, मानोरा तालुक्यात, असा एक समाज राहतो ज्याला बिऱ्हाड हलवणं कुणी शिकवायची गरज नव्हती. पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी. सेवालाल महाराजांचं स्थान तिथलं. रामनवमीला देशभरातून माणसं येतात, आणि ५ ऑक्टोबर २०२४ला तिथल्या बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्‌घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झालं. आज तांडा म्हटलं की गावाबाहेरची पक्की वस्ती डोळ्यांपुढे येते. पण तांडा मुळात चालणारा होता. धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवर लादून दख्खन ते हिंदुस्थान अशी ने-आण बंजारे करत. सतराव्या शतकात हिंदुस्थानात फिरलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्यानं एकेका तांड्यात दहा-बारा हजार बैल असल्याचं लिहून ठेवलं आहे. त्या बैलांसोबत बायका, मुलं, म्हातारे, कुत्री आणि देव, सगळेच चालत. मागे कुणी राहायचं नाही, कारण मागे असं काही नव्हतंच.

त्यांच्या सामानाची घडणच त्या चालीनं ठरलेली. बैलाच्या दोन्ही अंगांना सारखं वजन पडेल अशी जोडगोणी. पेटी नाही, पिशवी: काचा, कवड्या आणि टाके भरून शिवलेली कोथळी, जी रिकामी झाली की घडी करून ठेवायची. बाईचा दागिना अंगावर, कारण ट्रंक नाही. जे घडी होत नाही किंवा अंगावर घालता येत नाही ते घ्यायचं नाही, असा साधा नियम. आज पुण्या-मुंबईत घर बदलताना माणसं ज्या गोष्टींनी हैराण होतात, त्या बहुतेक याच नियमात न बसणाऱ्या असतात. १८६७च्या सुमारास रेल्वे अकोल्यावरून नागपूरला पोचली आणि बैलांच्या पाठीवरचा व्यापार हळूहळू बसला. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं फिरणाऱ्या अनेक समाजांना, बंजाऱ्यांच्याही काही गटांना, पोलिसांच्या हजेरीत आणलं. फिरणं हाच गुन्हा ठरला. १९५२ साली तो कायदा गेला, पण तोवर तांडे माळावर स्थिरावले होते, बहुतेक हलक्या जमिनीवर. शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुली या तांड्यातून वसंतराव नाईक निघाले आणि १९६३पासून ११ वर्षांहून अधिक काळ राज्याचे मुख्यमंत्री राहिले. त्यांचा जन्म १ जुलैचा, जिल्ह्याच्या स्थापनेचीही तीच तारीख.

हलकी जमीन चार महिने पोसते. म्हणून तांड्यातली जोडपी आजही दिवाळीनंतर कामाला बाहेर पडतात. कुणी पुण्याकडे बांधकामावर, कुणी वीटभट्टीवर. तयारी अजूनही झटपट होते, एका संध्याकाळी. पण आता तीही अर्ध्याची. लहान लेकरू सोबत, शाळेतली पोरं आजीजवळ. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, तिच्यातून आजीच्या हाती चार महिन्यांचं किराणा-सामान भरून ठेवतात. शिक्षण खात्याचं ‘शिक्षण हमी कार्ड’ अशाच पोरांसाठी आहे: जिथे जाल तिथल्या शाळेत ते दाखवा, बसू देतील. बांधकामाच्या जागेपासून शाळा किती लांब, ते त्या कार्डावर नसतं. पूर्वी तांडा हलायचा तेव्हा आजी बैलावर बसून सोबत असायची. आता ती मागे राहून मोबाइलवर पोरांचा अभ्यास घेते, म्हणजे पोरांच्या हातात मोबाइल देते.

कुणब्या-माळ्यांच्या, मराठ्यांच्या, ब्राह्मणांच्या घरांत अर्धं बिऱ्हाड खऱ्या अडचणीत येतं ते भाद्रपदात. विदर्भात ज्येष्ठा-कनिष्ठा गौरींना महालक्ष्म्या म्हणतात आणि त्यांचा थाट गणपतीहून मोठा. अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठेवर जेवतात, मूळ नक्षत्रावर जातात. पितळी नाहीतर शाडूचे मुखवटे, धडाला कोठ्या, कोठ्यांत धान्य, नेसायला नवी लुगडी, पुढे पिल्लं. सोळा भाज्या, पुरणपोळी, आंबील, वर फुलोरा. या बसतात मोठ्याच्या घरी, आणि त्यांची जागा सहजासहजी बदलत नाहीत. जागा बदलली आणि पुढे काही वाईट घडलं की बोट तिकडेच जातं, ही भीती. त्यामुळे गावातलं घर ठेवायचं की नाही या वादात शेतीच्या आणि पैशाच्या मुद्द्यांनी जे जमत नाही, ते महालक्ष्म्या करतात. घर राहतं. वर्षातून तीन दिवस सगळे येतात, बंद खोल्या झाडतात, मुखवटे पुसतात, सून पुन्हा त्या जाड तव्यापुढे बसते, आणि शहरातली पोरं आंबिलीला नाक मुरडतात.

काही घरांनी तोड काढली आहे. सासू गेली, गावात कुणी उरलं नाही, तर शहरात नेण्याआधी कौल लावतात, गुरुजींना विचारतात आणि एका वर्षी मुखवटे धान्याच्या डब्यात ठेवून, डबा मांडीवर घेऊन, बसनं शहरात आणतात. छोट्या हत्तीत ते लादत नाहीत. बौद्ध घरांत हा पेच नाही. नव्या घरात भंतेजींना किंवा बौद्धाचार्यांना बोलावतात, वंदना आणि परित्राणपाठ होतो, खीर वाटतात. मुसलमान घरांत कुराणख्वानी होते आणि मोहल्ल्याला जेवण. हिंदूंमध्ये वास्तुशांतीला वास्तुपुरुषाची प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात पुरतात, नव्या चुलीवर दूध उतू घालवतात. भाड्याच्या खोलीत पुरायला जागा नसते. तिथे दूध तेवढं उतू जातं, आणि ते पुसताना शेगडीचं एक बर्नर बंद पडतं.

समृद्धी महामार्गानं या सगळ्यात वेगळीच भर घातली. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ला सुरू झाला, ५ जून २०२५ला सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता मोकळा झाला. तो जिल्ह्यात कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जातो. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या हाती एकरकमी मोबदला आला, आणि त्यातल्या बऱ्याच पैशाचं रूपांतर वाशिम, कारंजा, अकोला इथल्या प्लॉटमध्ये झालं. मुंबईचं बिऱ्हाड आता रात्रीत पोचतं. मात्र दुचाकीला आणि ट्रॅक्टरला त्या रस्त्यावर मज्जाव आहे. ज्याची जमीन त्या रस्त्याखाली गेली त्याला मोटरसायकलवरून पलीकडच्या वावरात जायचं तर बोगद्यापर्यंतचा वळसा.

प्लॉट घेतला की मग खरं नवं घर. भाड्याच्या खोलीत चार-पाच वर्षं काढल्यावर, पोरगी बारावीत आणि पोरगा नववीत असताना, नाक्यापलीकडे कुठंतरी अकृषक झालेल्या लेआउटमध्ये दीड हजार फुटांचा तुकडा. नकाशा काढायला बाप आणि आजोबा दोघंही येतात. इंजिनियर हॉल दाखवतो, दोन बेडरूम, ओटा, पार्किंग. आजोबा विचारतात, पोते कुठी ठेवायचे? इंजिनियरला कळत नाही. सोयाबीनचे, तुरीचे, बियाण्याचे, बारदान्याचे. भाव नसला तर माल दोन महिने ठेवावा लागतो, आणि गावातलं घर आता गळतंय. इंजिनियर म्हणतो, जिन्याखाली जागा आहे. आजोबा ती जागा टेपनं मोजायला लावतात. चाळीस पोती बसत नाहीत. सून म्हणते, त्यापेक्षा पार्किंग कमी करा, आपल्याजवळ कुठं कार आहे. पोरगा नाराज होतो, कारण कार त्याच्या डोक्यात आहे. इंजिनियर पेन्सिलीनं एक भिंत पुसतो, तीन फूट सरकवतो, पुन्हा पुसतो. नगरपरिषदेच्या परवानगीचा नकाशा सोमवारी द्यायचा आहे, आणि पोत्यांची खोली हॉलमधून काढायची की पार्किंगमधून, यावर त्या टेबलाभोवती अजून कुणाचं एकमत झालेलं नाही.